मी माघार घेतलेली नाही

लोक सांगतात, आबांनी सुनेसाठी माघार घेतली. जो भेटतो तो हात धरून म्हणतो, "आबा, मन मोठं तुमचं." परवा भाजीच्या दुकानात एक बाई भेटली, मी तिला ओळखतही नाही, तीसुद्धा भेंड्या निवडता निवडता हेच म्हणाली. मी तिला तिथंच सांगितलं, "बाई, मी माघार घेतली नाही. मी उभा होतो आणि पडलो." ती हसली. तिला वाटलं म्हातारा विनय करतोय. विनय माझ्या अंगात नाही, हे माझ्या घरच्यांना विचारा.

म्हणून लिहायला बसलो. शाळा माझी चौथीपर्यंतची, त्यातलाही बराचसा काळ बापाच्या होडीवर गेला. पण जे झालं ते झालं तसं सांगायला चौथी पुरते.

मी रत्नागिरीकडचा. आधी बोटीवर खलाशी होतो, मग इथं लंडनच्या कडेला हाउन्सलोला उतरलो तो उतरलोच. विमानतळावर जेवणाच्या ट्रॉल्या विमानात चढवायचं काम मिळालं, रिटायर होईपर्यंत तेच केलं. आमचं मराठी मंडळ त्या काळातलं. गणपती तेव्हा एकाच्या बैठकीच्या खोलीत बसायचा आणि चपला जिन्यापर्यंत यायच्या. आता शाळेचा हॉल भाड्यानं घेतात, मेडनहेडहून, वॉटफर्डहून लोक गाड्या घेऊन येतात आणि पार्किंगवरून भांडतात.

मंडळात दोन पार्ट्या आहेत. हे कोणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. एक आमची, हाउन्सलोची, आधी आलेल्यांची. दुसरी वॉटफर्डची, व्हिसावर आलेल्या शिकलेल्या पोरांची. निवडणूक आली की दोन्ही पार्ट्या अध्यक्षपदाला आपापला एक उमेदवार देतात. जो निवडून येतो, तो गणपतीची पहिली आरती करतो.

एवढंच मला पाहिजे होतं. पहिली आरती. आजवर मी अध्यक्षांच्या मागे उभा राहून झांज वाजवत आलो. डॉक्टर झाले, वकील झाले, एक हिशेबनीस झाले, सगळ्यांच्या पाठी मी बघितल्या. एकदा तरी पुढे जाऊन ताट आपल्या हातानं ओवाळावं, असं मनात होतं. खुर्ची नको, भाषण नको, फोटो नको. बायकोला हे ठाऊक होतं. ती गेली. तिच्यानंतर कोणाला सांगितलं नाही.

निवडणुकीला अजून वर्ष होतं तेव्हाच वॉटफर्डवाल्यांनी आपला माणूस ठरवून टाकला. चाळिशीचा, गोड बोलणारा, बायकांना वहिनी वहिनी करणारा. झालं! आमच्या पार्टीत खळबळ उडाली. आपल्याकडून कोण? जो तो अंदाज करायला लागला. दिवाळीच्या फराळाला कोण सगळ्यांशी हसून बोललं, कोण एकाएकी हळदीकुंकवाच्या फोटोत दिसायला लागलं, कोण न विचारता सांगतंय की "मला बाई अजिबात वेळ नाही." आमच्यात जो म्हणतो मला वेळ नाही, तोच इच्छुक धरतात.

मी आणि ड्रायव्हर रोज सकाळी लायब्ररीसमोरच्या बाकावर बसतो. ड्रायव्हर म्हणजे माझा जुना दोस्त, जन्मभर लाल बस चालवली त्यानं. मी बोटीवरचा म्हणून तो मला तांडेल म्हणतो. एका सकाळी तो बाकावर बसला आणि गुडघा चोळत म्हणाला, "तांडेल, तुझं नाव चर्चेत आहे."

"कसलं नाव?"

"अध्यक्षपदाला. आपल्या पार्टीकडून."

"कोण म्हणतं?"

"लोक म्हणतात."

"लोक म्हणजे कोण? लोकांना नाव असतं."

"अरे, लोक म्हणजे लोक! सगळ्यांचंच म्हणणं आहे, जुना माणूस, कष्टाचा माणूस, एकदा तरी मान द्यावा."

मी म्हटलं, "छे. मला काय करायचंय?"

पण घरी जाताना माझी पावलं जमिनीला लागत नव्हती, आणि त्या दिवशी मी बसची वाट न बघता चालत गेलो.

मी मुलाकडे राहतो. मुलगा मेडनहेडला कंप्युटरच्या कंपनीत जातो, कमी बोलतो. सून नागपूरची. लंडनच्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, सकाळी पिकॅडिली लाइनच्या ट्रेननं जाते, संध्याकाळी परत येऊन स्वतः पोळ्या लाटते. शिवाय दोन पोरं आहेत. तिला सगळं जमतं आणि ते तिला माहीत आहे. आमचं जमायचं ते जेवणावरून. मी पहिल्यांदा वाढायला आलं की नको म्हणतो. दुसऱ्यांदाही नको म्हणतो. तिसऱ्यांदा आग्रह झाला की ताट पुढे करतो. आमच्या घरात हीच रीत, पहिल्या हाकेला ताट पुढे करील तो हावरा. तिला हे शिकवावं लागलं नाही. तिच्या माहेरी तर पाचव्यांदाही वाढतात. "काहून नको, आबा? घ्या ना!" असं म्हणत ती भाजी वाढायचीच.

मग एका सकाळी नाश्त्याला आम्ही तिघं बसलो होतो आणि आमचे फोन एकदम वाजले. मंडळाचा ग्रुप. कोणीतरी लिहिलं होतं, "हाउन्सलो पार्टीतून दोन नावं चर्चेत, आणि दोन्ही एकाच घरातली! सासरे की सून?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

मी हळू वाचतो. वाचून झाल्यावर वर बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती. तिच्या हातात टोस्ट होता, तो तिनं खाली ठेवला.

मुलगा म्हणाला, "लोकांना काही कामधंदा नाही."

"नाहीच," सून म्हणाली.

"मला काय करायचंय?" मी म्हटलं.

"मलाही कुठं वेळ आहे?" ती म्हणाली.

आणि ती उठून ट्रेनला गेली. मी माझ्या चहात साखर ढवळत बसलो, साखर मी घेत नाही.

त्या दिवसापासून घरात थंडी शिरली. भांडण नाही, आवाज नाही. ती मला तुम्ही म्हणायची, मी तिला सूनबाई म्हणायचो, सगळं तसंच. फक्त जेवताना ती एकदाच विचारायला लागली. "आबा, भात?" मी म्हणायचो नको. ती भांडं उचलून आत न्यायची. बस्स. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा नाही. मी अर्ध्या पोटी उठायचो. मुलगा एकदा म्हणाला, "बाबा, हवं असेल तर मागा ना." मी म्हटलं, "मागून जेवायला मी काय पाहुणा आहे?" रात्री स्वयंपाकघरात ब्रेड होता, बिस्किटं होती. हात लावला नाही. पोट आत गेलं, पॅन्टला बेल्ट घट्ट करावा लागला, पण हात लावला नाही.

बाहेर चर्चा वाढत होती. बाजारात एक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आबा, यंदा तुम्हीच." लगेच त्याची बायको म्हणाली, "पण आबा, तुमच्या सूनबाई काय छान बोलतात हो, इंग्लिश पण." मी म्हटलं, "बोलते ना." दुसऱ्यानं विचारलं, घरात काय ठरलंय? मी म्हटलं, आमच्या घरात असल्या गोष्टी होत नाहीत. खोटं नव्हतं ते. होतच नव्हत्या. आम्ही दोघं बाहेर जाऊन "मला नको" म्हणत होतो आणि घरी येऊन एकमेकांच्या पावलांचे आवाज ऐकत होतो. तिचा फोन वाजला आणि ती बोलत बागेत गेली, की मी टीव्हीचा आवाज कमी करायचो. मी फोनवर ड्रायव्हरशी बोलत असलो की तिचं लाटणं थांबायचं.

मी माझा काळा कोट ड्रायक्लीनला दिला. आणून कपाटात टांगला, प्लास्टिक तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर जिन्याच्या कठड्यावर तिची पैठणी ड्रायक्लीनच्या प्लास्टिकमध्ये टांगलेली. त्याच दुकानातली. दुकानदार काय म्हणाला असेल कोण जाणे.

आमच्या पार्टीत उमेदवार ठरवायची एक पद्धत आहे. कोणी स्वतःहून उभं राहत नाही, ते वाईट दिसतं. पार्टीतले मोठे लोक आपसात बोलतात, मग तिघं-चौघं त्या माणसाच्या घरी चहाला जातात. बरोबर नारळ असतो. तो माणूस नको नको म्हणतो, ते आग्रह करतात, शेवटी तो नारळ घेतो. नारळ घेतला की ठरलं.

ड्रायव्हरचा फोन आला. "तांडेल, रविवारी चहाला येतोय आम्ही. मी, डॉक्टरसाहेब आणि मेडनहेडचा तो."

"कोणाकडे?" मी विचारलं.

"तुमच्याकडे, आणखी कोणाकडे?" असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

तुमच्याकडे! जन्मभर मला अरेतुरे करणारा माणूस, तुझ्याकडे असं म्हणाला नाही. मी फोन हातात धरून उभा राहिलो. सून ओट्याशी होती. मी म्हटलं, "रविवारी मंडळी येताहेत."

"कळलं मला," ती म्हणाली. "डॉक्टरांच्या बायकोचा फोन आला होता."

"कशाला येताहेत, काही बोलल्या?"

"नाही. तुम्हाला काही बोलले?"

"नाही."

शनिवारी तिनं साबुदाणा भिजवला. मी बैठकीच्या कार्पेटवर धूळ ओढायचं मशीन फिरवलं, दोनदा. रविवारी दुपारी मी कोट घालून जिन्यावरून उतरलो आणि ती पैठणी नेसून स्वयंपाकघरातून आली. जिन्याच्या तळाशी आम्ही समोरासमोर. आपल्याच घरात, मी कोटात आणि ती पैठणीत. दुसऱ्या कुठल्या दिवशी दोघंही हसलो असतो. मुलगा मध्ये उभा होता, जीन्स घालून. तो म्हणाला, "मी मुलांना पार्कात घेऊन जातो," आणि गेलाच.

ते तिघं आले. डॉक्टरसाहेब, म्हणजे आमचे सध्याचे अध्यक्ष, ते मोठ्या सोफ्यावर बसले. मेडनहेडवाला त्यांच्या बाजूला, तो आमच्या पार्टीतला एकटाच तरुण, सॉफ्टवेअरमधला, सगळं मोबाइलवर बघून बोलणारा. ड्रायव्हर माझ्यासमोरच्या खुर्चीत. त्याच्या हातात सुपरमार्केटची पिशवी होती, तिच्यात नारळाचा गोल आकार दिसत होता. त्यानं ती खाली कार्पेटवर ठेवली, बरोबर मधोमध. ना माझ्या बाजूला, ना स्वयंपाकघराच्या बाजूला.

मग बोलणं सुरू झालं, दुसरंच. हीटिंगचं बिल, मोटरवेवरचं काम, ड्रायव्हरचा गुडघा. सून वडे ठेवून आत गेली. दार अर्धं उघडं होतं. मी ड्रायव्हरकडे बघत होतो, तो वड्याकडे बघत होता.

डॉक्टरसाहेबांनी कप खाली ठेवला. "आबा," ते म्हणाले, "तुमच्याकडे एक मागणं घेऊन आलोय."

मी म्हटलं, "बोला ना."

"तुम्ही घरातले वडीलधारे. तुमच्या शब्दाशिवाय पुढे जाणं बरं दिसणार नाही. सूनबाईंना अध्यक्षपदाला उभं करावं, असं पार्टीचं मत आहे. तुमची परवानगी असेल तर."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

कोटात घाम आला. मागणी घालायला आले होते, मुलगी मागायला येतात तसे, आणि मी मुलीचा बाप. आणि एवढ्यात माझ्या लक्षात आलं की सगळं माझ्या हातात आहे. मी नुसतं म्हटलं असतं, "तिला ऑफिस आहे, दोन पोरं आहेत, झेपायचं नाही," तर विषय तिथंच संपला असता. कोणी मला दोष दिला नसता. शब्द जिभेवर आले होते. आले होते, हे मी लपवत नाही.

मेडनहेडवाल्याला ती शांतता सहन झाली नाही. तो म्हणाला, "आबा, तुमच्या नावाचं काही मनावर घेऊ नका हं. ती स्ट्रॅटेजी होती. तुमचं नाव चर्चेत ठेवलं म्हणजे वॉटफर्डवाले रिलॅक्स राहतील, त्यांना वाटेल हे म्हाताऱ्यालाच... म्हणजे, सीनियर माणसालाच उभं करणार. मग आपण शेवटी वहिनींचं नाव काढायचं."

मी ड्रायव्हरला विचारलं, "माझं नाव कोणी काढलं होतं?"

तो वडा हातात धरून बसला होता.

"तू काढलंस?"

"मी म्हटलं होतं त्यांना, तांडेलला आवडेल," तो म्हणाला. "तेवढाच तुलाही मान."

एरवी एवढ्याशा गोष्टीवरूनही मी त्याच्याशी भांडून घर डोक्यावर घेतो. त्या दिवशी नाही. मी डॉक्टरांकडे वळलो आणि म्हटलं, "माझ्या परवानगीचं काय आहे इथं? ती आत आहे. तिला विचारा."

"विचारू हो, पण आधी तुमचा..."

सून बाहेर आली. पदर खोचलेला, हात ओले. ती बसली नाही. "माझ्यासाठी आबांची परवानगी?" ती म्हणाली. "ऑफिसात कोणाची घेऊ, तेही सांगून टाका."

डॉक्टरसाहेब हसायला लागले. "अहो वहिनी, मानाची पद्धत असते."

"मानाची? मग आबांना विचारलंत का? इतके दिवस त्यांचं नाव फिरवून राहिले तुम्ही सगळे. माझं नाव घ्यायच्या आधी त्यांना विचारायला पाहिजे होतं, तुम्हाला उभं राहायचंय का? विचारलं कोणी?"

मग डॉक्टरांनी गळा साफ केला आणि माझ्याकडे वळून, पेशंटला विचारतात तसं विचारलं, "आबा, तुमची काही इच्छा आहे का?"

आणि मी, सवयीनं, म्हटलं, "छे छे. मला काय करायचंय?"

"बघा!" डॉक्टर म्हणाले. "मन मोठं लागतं याला." ड्रायव्हरनं सुटकेचा श्वास सोडला, वाकून पिशवी उचलली आणि नारळ बाहेर काढला. मेडनहेडवाला मोबाइलवर काहीतरी टाइप करायला लागला. एकदा विचारून मोकळे झाले. आग्रहाचा पत्ता नाही.

सून हलली नाही. "आबा," ती म्हणाली, "खरंच नको?"

"नको म्हटलं ना."

ड्रायव्हर नारळ हातात धरून अवघडून उभा. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, ते म्हणताहेत ना..." तिनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्यासमोर आली. इतक्या आठवड्यांनी ती पहिल्यांदा माझ्या इतक्या जवळ उभी होती. चेहरा रागीट होता तिचा, मऊ नव्हता. आणि ती म्हणाली, "आबा, मी तिसऱ्यांदा विचारून राहिली. काहून नको?"

मला वाटलं उठून वर निघून जावं. मला वाटलं रागवावं. मग मी म्हटलं, "पाहिजे. मला पाहिजे."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी कोणासमोर बोललो नव्हतो, ना मालकासमोर, ना देवासमोर.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग मलाही पाहिजे. दोन्ही नावं जाऊ द्या पार्टीत."

एकच गोंधळ झाला. डॉक्टर म्हणाले, एका घरातून दोन उमेदवार? वॉटफर्डवाले हसतील. सून म्हणाली, हसू द्या. मेडनहेडवाला म्हणाला, असं प्रोसेसमध्येच नाहीये. ड्रायव्हर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "तांडेल, तू हरशील रे. कशाला?"

"हरेन," मी म्हटलं. "पण हात मोजून हरेन. तुझ्या चर्चेत हरणार नाही."

नारळ त्यांनी परत नेला.

पार्टीची बैठक शाळेच्या छोट्या वर्गात झाली. पोरांच्या खुर्च्यांवर आम्ही म्हातारे गुडघे छातीला लावून बसलो. कोणी म्हणालं चिठ्ठ्या टाकू, कोणाचं मन दुखायला नको. मी म्हटलं, हात वर करा. कोण कुठे आहे ते मला दिसू द्या. सून म्हणाली, हो, हातच.

ती आधी बोलली. चांगली बोलली. नव्या लोकांना कसं जोडायचं, पोरांचे मराठीचे वर्ग, वॉटफर्डशी भांडण कशाला, हॉलचं भाडं कुठून आणायचं, सगळं. मग मी उठलो. हात मी खिशात घातले. मी म्हटलं, "मला गणपतीची पहिली आरती करायची आहे. बाकी जी कामं आजवर केली, ती पुढेही करीन. एवढंच."

खाली बसलो. कोणीतरी टाळी वाजवायला घेतली आणि थांबला.

आधी तिच्या नावाला हात वर झाले. वर्गाच्या मागच्या भिंतीपर्यंत हात. तिनं स्वतःचा हात वर केला, न लाजता. ड्रायव्हरनं तिच्यासाठी हात वर केला, माझ्याकडे बघत केला. मान फिरवून केला असता तर मी पुन्हा त्या बाकावर बसलो नसतो. मग माझं नाव घेतलं. मी माझा हात वर केला, सरळ, कोपर ताठ. आजही करीन. बाकीचे हात मोजायला वेळ लागला नाही. मुलगा दाराशी सगळ्यांचे कोट सांभाळत उभा होता, त्यानं दोन्ही वेळा हात वर केला नाही. घरी गेल्यावर त्याला आम्ही दोघांनीही सुनावलं.

निकाल लागला. ती माझ्याकडे आली, वाकून नमस्कार करायला लागली. मी म्हटलं, "इथं नको. इथं तू मला हरवलंयस. घरी कर." ती उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण तिनं पुसले नाहीत, आणि मीही तिकडे बघितलं नाही.

इथपर्यंत ठीक होतं. गडबड झाली ती गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात. सगळं मंडळ जमलेलं, दोन्ही पार्ट्या. डॉक्टरसाहेब माइकवर उमेदवाराची ओळख करून देत होते. ते म्हणाले, "आणि आपल्या आबांनी मोठ्या मनानं सुनेसाठी माघार घेतली, त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडायला लागल्या. लोक मागे वळून माझ्याकडे बघायला लागले, हसून, मान हलवून. माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी उभा राहिलो. माइक नव्हता, पण बोटीवर आवाज कमावलेला आहे. "खोटं आहे!" मी म्हटलं. "माघार घेतली नाही. मी उभा होतो. मला मतं पडली नाहीत. मी हरलो."

टाळ्या अर्ध्यात थांबल्या. पुढच्या रांगेत कोणीतरी "बसा हो आबा" म्हणालं. वॉटफर्डचा तो उमेदवार खाली बघून हसत होता. डॉक्टर माइकला हात लावून म्हणाले, "आबा थट्टा करताहेत." मी बसलो नाही. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता आणि मी एकटा उभा.

तेव्हा सून स्टेजवर पुढे आली. तिनं डॉक्टरांच्या हातातून माइक घेतला. मला वाटलं, आता ही सांभाळून घेईल, गोड काहीतरी बोलेल, आणि मग मी हिच्याशी जन्मात बोलणार नाही.

ती म्हणाली, "आबा खरं सांगून राहिले. ते माझ्याविरुद्ध उभे होते आणि मी त्यांना हरवलं. फुकट नाही मिळालं मला हे." आणि माइक ठेवून दिला.

मग मी बसलो.

तरी लोक ऐकत नाहीत. त्यांना माघारीची गोष्ट आवडते. हरलेला म्हातारा बघवत नाही, त्यागी म्हातारा बघवतो.

मंडळाची खरी निवडणूक अजून व्हायची आहे. सून घरोघर जाते आहे, वॉटफर्डलासुद्धा. मी तिच्यासाठी फोन करतो, कारण पार्टी माझी आहे. जिंकेल की नाही सांगता येत नाही, तो गोड बोलणारा काही कच्चा नाही.

परवा जेवताना तिनं भात वाढला. एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा मी ताट पुढे केलं. मग ती म्हणाली, "आबा, मी निवडून आले तर पहिल्या आरतीचं ताट मी तुमच्या हातात देणार."

"नको," मी म्हटलं.

"घ्या ना. अध्यक्षाला अधिकार असतो तो."

"नको."

ती थांबली. पळी हातातच होती. मुलगा जेवायचा थांबला. मग तिनं तिसऱ्यांदा विचारलं, हळू आवाजात. "खरंच नको, आबा?"

"खरंच नको," मी म्हटलं. "माझ्या नावानं मिळाली असती तर घेतली असती. तुझ्या नावानं मिळालेली आरती तू कर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं," आणि भाताचं भांडं उचलून आत गेली.

झांज मात्र मी कोणाला देणार नाही, हे तिला सांगून ठेवलं आहे.